पाहुण्यांची भिंत

ओल्या रंगाला बोट लावून "सुकलाय का हो?" असं विचारणाऱ्या माणसाचा रंगारीणबाईंना राग यायचा, पण तो राग कपभर चहाबरोबर उतरायचा. चांगली भिंत खरवडायला सांगणाऱ्याचा राग मात्र उतरायचा नाही. तो त्या घरी घेऊन जायच्या, जेवताना बाहेर काढायच्या आणि भांडी घासताना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांची भिंत, त्यांची हौस. तुझं काय जातं?" त्यांचं काय जातं ते नवऱ्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो एकदा विचारायचा आणि मग गुपचूप ताटात बघत बसायचा.

बाई अंगाने काटकुळ्या, पण उजवा हात चांगला कसलेला. सुरुवातीची बरीच वर्षं ठेकेदारांनी त्यांना फक्त फरशा पुसायला आणि जुना रंग खरवडायला ठेवलं होतं. "बाईमाणूस शिडीवर कसं चढणार?" असं म्हणणारे हेच ठेकेदार तीच शिडी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायला मात्र बाईंनाच सांगत. मग एकदा एका दवाखान्याचं छत अर्धवट टाकून दोन रंगारी पळाले. बाईंनी कुणाला न विचारता शिडी लावली आणि ते पुरं करून टाकलं. तेव्हापासून छत म्हटलं की बाई, असं ठरूनच गेलं. बाईंचाही छतावर जीव होता. त्या म्हणायच्या, भिंत काय, कुणीही रंगवतं. मान मोडेस्तोवर वर बघायची वेळ आली की सगळ्यांना दुसरी कामं आठवतात.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. तो मैद्याने पांढरा होऊन यायचा, बाई पुट्टीने. संध्याकाळी दोघं दारात एकदमच पोचले की लेक लहानपणी टाळ्या पिटायची, "दोन भुतं आली, दोन भुतं आली!" आता ती लेक मोठी झाली होती आणि बालवाडीत शिकवत होती. पोरांना तिचा भारी लळा. बाजारात चालताना कुठून तरी एखादं शेंबडं पोर धावत यायचं आणि तिच्या ओढणीला लोंबकळायचं. बाईंना त्याचं कौतुक वाटायचं आणि का कोण जाणे, धास्तीही वाटायची.

त्यांचं चर्च गल्लीच्या टोकाला होतं. दर रविवारी शेवटून दुसऱ्या बाकावर तिघं ओळीने बसायची. यंदा चर्चच्या मंडळीतून एक गट दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेला निघाला होता, तिथल्या एका बालगृहात राहून सेवा करायला. चर्चच्या फळ्यावर त्याला 'सेवादौरा' म्हटलं होतं. बाई त्याला 'सहल' म्हणत, आणि तेही मोठ्याने.

गटाचे पुढारी होते सोफ्यांच्या दुकानाचे मालक. तरुण मुलं त्यांना पाठीमागे सोफाकाका म्हणायची आणि हळूहळू मोठेही म्हणायला लागले होते. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की पहिले तेच गाडी काढायचे. पण एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचे टी-शर्ट आधी छापायचे आणि विचार नंतर करायचा, अशी त्यांची रीत. या दौऱ्याचेही टी-शर्ट आधीच आले होते, पिवळेधमक. छातीवर एक लाल हृदय आणि त्यातून आरपार गेलेला रंगाचा ब्रश. कारण तिथे जाऊन हा गट बालगृहाची भिंत रंगवणार होता.

तयारी जोरात चालली होती. सगळ्यांनी इंजेक्शनं घेतली आणि सुजलेले दंड एकमेकांना दाखवले. रुंद काठाच्या टोप्या आल्या. त्या घालून मंडळी चर्चच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून सभा घेत. तिकडच्या भाषेतलं एक गाणं पाठ झालं होतं. त्याचा अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण टाळ्या कुठे वाजवायच्या ते पक्कं ठाऊक होतं. बाईंनी एकदा टोपीवाल्या एका काकूंना विचारलं, "आफ्रिकेत म्हणजे नेमकं कुठे हो?"

"आफ्रिकेतच," काकू म्हणाल्या.

इथवर बाई नुसत्या नाक मुरडत होत्या. पण एका रविवारी चर्चमधली भक्ती सुटल्यावर गटासाठी आलेली नावं वाचून दाखवली, आणि त्यांत त्यांच्या लेकीचं नाव होतं.

घरी पोचल्यावर त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "तू जायचं नाहीस."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"हे काही कारण नाही झालं, आई."

"बालवाडीतल्या पोरांना कोण बघणार?"

"तेव्हा सुट्टी आहे."

"तिकडे डास असतात."

"मग इथे काय फुलपाखरं आहेत?"

वर्तमानपत्राआडून नवऱ्याला खोकला आला. बाईंनी तिकडे असं बघितलं की तो जागच्या जागी थांबला.

चर्चच्या पाळकसाहेबांचा नियम होता की घरचे हो म्हणाल्याशिवाय अविवाहित मुलीला गटात घ्यायचं नाही. आईने आणि बापाने, दोघांनीही हो म्हणायला हवं. बाप तर कधीच तयार होता. सगळं अडलं होतं बाईंच्या एका शब्दावर, आणि तो शब्द काही केल्या त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

"तूच शिकवलंस ना मला, की दुसऱ्यासाठी हातपाय हलवावेत म्हणून?" लेकीचा आवाज चढला. "आता हलवायला निघाले तर दार अडवून उभी राहिलीस! कारण सांग. पटलं तर एका शब्दाने बोलणार नाही मी."

कारण बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथूनच परत गेलं. लेकीला त्यांनी लहानपणापासून सांगितलं होतं की आई गेल्यावर आपण मामाच्या घरी वाढलो, मामाने प्रेमाने सांभाळलं, मग मामा वारला, संपलं. मंडळीतही सगळ्यांना हेच ठाऊक होतं. खरं एकट्या नवऱ्याला माहीत होतं.

लेक पाय आपटत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सांगून टाक की तिला."

"काय सांगू? तुझी आई लोकांच्या दयेवर वाढली म्हणून? उद्या मंडळीतल्या बाया माझ्याकडे कशा बघतील, ठाऊक आहे तुम्हाला? मान वाकडी करून. 'अरेरे' करत. मी आयुष्यभर शिडीवर चढले ते कुणी माझ्याकडे तसं बघू नये म्हणून."

नवऱ्याने वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

त्याच आठवड्यात बाई एका कार्यालयाचं छत रंगवत होत्या. खालून हाक आली, "ताई! अहो ताई!" खाली सोफाकाका उभे. वर तोंड करून ते उत्साहाने सांगू लागले की गटातल्या कुणालाच ब्रश धरता येत नाही, रविवारी हॉलमध्ये सराव ठेवलाय, आपल्याच मंडळीत एवढी कसबी रंगारीण असताना बाहेरचा माणूस कशाला? रंगाचा एक टपोरा थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी तो पुसला आणि बोलणं चालूच ठेवलं.

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण लेक तिथे असणार होती. ही माणसं नक्की काय शिकवतात आणि काय शिकतात, ते एकदा डोळ्यांनी बघावं असंही वाटलं. "येते," त्या म्हणाल्या.

रविवारी त्या हॉलमध्ये पोचल्या आणि पहिल्याच पावलाला त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. सरावासाठी निवडलेली भिंत त्यांच्याच हातची होती. गेल्याच वर्षी त्यांनी ती सायीच्या रंगात केली होती, सुट्टीच्या दिवशी येऊन, मजुरीचं नाव न काढता. कुठे पोपडा नाही, कुठे डाग नाही. त्या भिंतीसमोर निळ्या रंगाच्या बादल्या मांडल्या होत्या.

"भाऊ, ही भिंत तर चांगली आहे."

"म्हणूनच तर! चांगल्या भिंतीवर सरावही चांगला होतो," सोफाकाका म्हणाले.

बाईंनी दातांवर दात दाबले आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. मंडळी कामाला लागली. टोपीवाल्या काकूंनी टोपी काढायला साफ नकार दिला आणि थोड्याच वेळात टोपीचा काठ निळा झाला. एकजण ब्रश असा भिजवत होता की रंग कोपरापर्यंत ओघळत होता. दर दोन हातांनंतर कुणीतरी थांबे, ब्रश उंच धरे आणि फोटो काढून घेई. लेक मात्र खाली मान घालून काम करत होती. तिचा हात आईसारखाच चालत होता, सरळ आणि न थांबता. ते बघून बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही राग आला.

भिंत कशीबशी निळी झाली. मग सोफाकाकांनी टाळी वाजवली. "आता निरोपाचा सराव! मागच्या वेळी आपली माणसं ऐन वेळी रडायला लागली आणि काय बोलायचं तेच विसरली. तसं होता कामा नये. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा, हसायचं आणि दोनच वाक्यं म्हणायची. 'आम्ही तुला विसरणार नाही. आम्ही पुन्हा येऊ.' हं, मूल म्हणून कोण बसेल?" त्यांची नजर फिरत फिरत बाईंवर आली. "ताई, तुम्हीच बसा. तुमची चणही लहान आहे."

सगळे हसले. कुणीतरी बसकं स्टूल पुढे सरकवलं. बाई त्यावर कशा बसल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एकेक माणूस समोर येऊ लागला. रंगाने चिकट झालेला एकेक हात डोक्यावर पडू लागला. आम्ही तुला विसरणार नाही. आम्ही पुन्हा येऊ. काकू म्हणाल्या, त्यांच्या मागचा म्हणाला, त्याच्या मागची म्हणाली. बाई मांडीवर मुठी आवळून बसल्या होत्या.

मग लेक आली. आईच्या डोक्यावर हात ठेवताना तिला हसू आवरेना. "आम्ही तुला विसरणार नाही," ती म्हणाली, "आम्ही पुन्हा येऊ."

"कधी?" बाईंनी विचारलं.

हॉलभर हशा पिकला. सोफाकाकाही खळखळून हसले. "वा, ताई! अगदी बरोबर. पोरं हे विचारतातच. कुणी असं विचारलं ना, तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडायचं नाही. नुसतं हसायचं आणि जवळ घ्यायचं." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं. "चला, छान झालं. पुढच्या रविवारी पुन्हा करू. ताई, तेवढी ही भिंत खरवडून ठेवाल का? म्हणजे मंडळींना पुन्हा हात चालवायला मिळेल."

बाई उठल्या. त्या उठल्या तेव्हा स्टूल मागे पडलं. त्या आवाजाने हसणारे गप्प झाले.

"नाही खरवडणार."

"अहो, साधा सराव तर आहे..."

"खूप खरवडल्यात मी पाहुण्यांसाठी भिंती! बोटं सोलून निघेपर्यंत खरवडल्यात. मला मामा नव्हता. कुणी नव्हतं. मी बालगृहात वाढले, तुम्ही निघालाय तसल्याच!"

आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या बाईंनी सगळं सांगून टाकलं, निळ्या भिंतीला पाठ लावून, लेकीकडे न बघता.

त्या बालगृहाला एक फाटक होतं, आणि फाटकासमोर जेवणघराची लांबलचक भिंत होती. दरवर्षी शाळांना सुट्टी लागली की लांबून पाहुणे यायचे, दोन आठवड्यांसाठी, देवाचं काम करायला. त्यांना काहीतरी काम द्यायला हवं. छत गळत होतं. मुलींच्या खाटांवर पाणी पडायचं आणि मुली खाटा सरकवत सरकवत एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या. पण पाहुण्यांना छतावर कोण चढवणार? कुणी पडलं-झडलं तर? शिवाय छताखाली उभं राहून फोटोसाठी हसता येत नाही. भिंतीपुढे येतं. म्हणून पाहुणे भिंत रंगवायचे. एका वर्षी पिवळी, एका वर्षी हिरवी, एका वर्षी गुलाबी. भिंत चांगली असली तर त्यांना काय रंगवायला देणार? त्यामुळे पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात बालगृह सांभाळणाऱ्या मोठ्या बाई मुलींच्या हातात डब्यांची झाकणं द्यायच्या आणि म्हणायच्या, "खरवडा." गेल्या वर्षीचा चांगला, घट्ट बसलेला रंग पोरी झाकणांनी खरवडून काढायच्या. मग पाहुणे यायचे, त्या ओरबाडलेल्या भिंतीकडे बघून हळहळायचे आणि बाह्या सरसावायचे.

एका वर्षी पाहुण्यांमध्ये एक ताई होती. लांब वेणी, हसरा चेहरा. तिने या पोरीला जवळ केलं. रोज संध्याकाळी पायरीवर बसवून तिचे केस विंचरायची, गुंता हळूहळू सोडवत, अजिबात न ओढता. त्याआधी असं कुणी विंचरलं नव्हतं. जाताना ताईने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मी तुला विसरणार नाही, मी पुन्हा येईन.

पोर लहान होती, पण तिने आपला हिशेब बरोबर केला. भिंत खराब होते तेव्हा पाहुणे येतात. म्हणजे भिंत लवकर खराब झाली तर ताई लवकर येईल. ती दुपारी सगळ्या झोपल्या की झाकण घेऊन भिंतीशी जायची आणि एकटीच खरवडत बसायची. रंग अजून नवा होता, निघता निघत नव्हता. बोटांची सालं निघाली. मोठ्या बाईंनी पकडलं तेव्हा हातभर भिंत उघडी पडली होती. पाहुण्यांनी प्रेमाने दिलेला रंग ओरबाडते, कृतघ्न कुठली, असं म्हणून त्याच बाईंनी तिला सगळ्यांसमोर छड्या मारल्या.

"पुढच्या वर्षी पाहुणे आले," बाई म्हणाल्या. "दुसरेच होते. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरेच. मी दरवर्षी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. केस कापू द्यायचे नाही कुणाला, ती येऊन विंचरणार म्हणून. आणि छत तेव्हाही गळतच होतं!"

लेकीच्या हातातला ब्रश तसाच राहिला होता आणि त्यातून निळा रंग तिच्या चपलेवर ठिबकत होता.

सोफाकाकांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगा, खरोखरच भरून आले होते. रुमालाने ते टिपत ते पुढे आले आणि म्हणाले, "ताई, देवाच्या कृपेची केवढी सुंदर साक्ष आहे ही! निरोपाच्या भक्तीत सांगाल का? मंडळीला किती स्फूर्ती मिळेल!"

या माणसाला काय म्हणावं? तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. शेजारचा ब्रश उचलून त्यांनी बादलीत असा आपटला की सोफाकाकांच्या टी-शर्टवरचं लाल हृदय निळं होऊन गेलं. मग कुणाकडेही न बघता त्या घरी निघून आल्या.

लेक आली ती दिवेलागणीला. जेवायला बसली, पण घास मोडत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मामा नव्हताच?"

"नव्हता."

"लहानपणापासून रोजच्या प्रार्थनेत त्या मामाच्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानत आले मी! रोज!" तिचा आवाज फाटला. "देवाला काय वाटलं असेल गं? आणि बाबा, तुम्ही? तुम्हीही आमेन म्हणायचात!"

बाबांनी ताटातली पोळी अगदी बारकाईने न्याहाळली. लेक ताट तसंच ठेवून उठली. बाईंना जे बोलायचं ते सगळं हॉलमध्येच सांडून झालं होतं आणि आता आतून नुसतं जळत होतं. सोफाकाकांवर, मोठ्या बाईंवर, त्या वेणीवाल्या ताईवर. सगळ्यांत जास्त स्वतःवर, की इतकी वर्षं होऊनही त्या 'कधी'चं उत्तर आपल्याला हवंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून आल्या तर लेक उंबऱ्यावरच बसलेली. चेहरा उतरलेला.

"मी तिकडे फोन केला," ती म्हणाली. "त्या बालगृहाच्या मुख्य बाईंना. नंबर सोफाकाकांकडून घेतला. त्यांनी काही कुरकुर केली नाही. चेहरा पडला होता त्यांचा."

बाईंनी पुट्टीची बादली खाली ठेवली. "मग?"

"माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण विचारलं. म्हटलं, तुमच्या भिंतीला रंगाची खरंच गरज आहे का? तर त्या घाईघाईने म्हणाल्या, हो हो, आहे ना." लेक थांबली. "आणि मग म्हणाल्या, तुम्हाला कोणता रंग आवडेल?"

बाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या.

"मग मी विचारलं, छत गळतं का? आई, तिकडून कितीतरी वेळ आवाजच नाही. मला वाटलं फोन तुटला. मग त्या हळूच म्हणाल्या, गळतं."

"माझ्या देवा," बाई म्हणाल्या. त्यापुढे त्यांच्या तोंडून जे काही निघालं ते चर्चच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं, आणि ते त्यांनी बऱ्यापैकी वेळ चालू ठेवलं. लेकीने अडवलं नाही. उलट एकदोन ठिकाणी भर घातली.

सोफाकाकांनाही सुनावून आल्याचं लेकीने सांगितलं. रंगाचा, टोप्यांचा आणि बाकी सगळ्या हौसेचा खर्च छतावर करा, तिथलाच छतवाला लावा, आम्ही त्याच्या हाताखाली पत्रे उचलू. सोफाकाका आधी म्हणाले, "अगं पण छताचा फोटो काय काढणार?" मग स्वतःच ओशाळले आणि पाळकसाहेबांशी बोलतो म्हणाले. काकूंनी गटातून नाव काढून घेतलं होतं. पत्रे उचलायला त्या थोड्याच निघाल्या होत्या!

"आता तुझा हो की नाही, तेवढंच राहिलंय," लेक म्हणाली. "नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. कारण आता मला ठाऊक आहे."

समोर गल्लीत कुणीतरी सायकल धूत होतं. लेक उठून आत गेली आणि फणी घेऊन आली. काही न विचारता आईच्या मागे बसली आणि तिने अंबाडा सोडला.

"केवढी पुट्टी आहे केसांत! किती दिवसांची आहे ही?"

"ओढू नकोस."

"नाही ओढत." ती हळूहळू गुंता सोडवू लागली. मग म्हणाली, "आई, तिथल्या पोरांना मी काय सांगायचं ते ठरवलंय. तू ऐक आणि बरोबर आहे का सांग."

"सांग."

फणी थांबली. "मी इथे दोन आठवडे आहे," लेक मागून म्हणाली. "त्यानंतर मी घरी जाणार. मी पुन्हा येणार नाही. माझी वाट बघू नकोस."

बाईंची पाठ ताठ झाली. गल्लीतली सायकल, बादली, समोरचं दार, सगळं डोळ्यांपुढे विरघळायला लागलं. एवढं साधं होतं. एवढंच सांगायचं होतं त्या वेणीवाल्या ताईने, आणि तिला ते सांगवलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या.

"मी पुन्हा येणार नाही. माझी वाट बघू नकोस."

बाईंनी पुट्टीच्या हातानेच डोळे पुसले. आता तोंडही पांढरं झालं.

"जा," त्या म्हणाल्या. "जाऊन ये. छताचे पत्रे नीट बसलेत का ते स्वतः वर चढून बघ, त्या सोफ्यावाल्यावर विसंबू नकोस. आणि कुणा पोरीचे केस विंचरू नकोस."

"विंचरू नको?"

मागे फणी तशीच केसांत थांबून होती.

"विंचर," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आधी तिला ते सांग. मग विंचर."